ट्रॅक डेसाठी परवडणारी चाकं : पोलो जीटी टीएसआय, १५ इंच (प्रकल्प नोंदी)

९ नोव्हेंबर २०२४ : काय हवंय

गाडी २०१४ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर, १०५ पीएस, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. वापर वर्षातून तीन-चार ट्रॅक डे (आपलीच गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस), कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर (२.१ किमी) आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला (३.७ किमी). पुण्याहून दोन्हीकडे जायचं म्हणजे हजार किमीच्या वर रस्ता. तो कंपनीच्या चाकांवर कापायचा आणि ट्रॅकचा संच मागची सीट पाडून गाडीतच न्यायचा. त्यामुळे चाकांचा आकार ठरवताना ती डिकीतून आत जातात का, हेही बघायचं आहे. १५ इंची चार चाकं टायरसकट दोन थरांत मावतात. १७ इंची रिकामी ठेवून पाहिली, मागचं दार बसत नाही.

बजेट टायर धरून ६०,००० रुपये.

गाडीचा साचा असा: पीसीडी ५×१०० (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) ५७.१ मिमी, नट नव्हे, बोल्ट, एम१४×१.५ (१४ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर दीड मिमी), गोल बैठकीचे (बैठक म्हणजे बोल्ट चाकात टेकतो तो भाग). कंपनीचं अलॉय ६जे×१५ (सहा इंच रुंद, पंधरा इंच व्यास), मागे ईटी ४० (ऑफसेट, खुलासा पुढे) कोरलेलं, टायर १८५/६० आर१५ (१८५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के). टायर काढून रिम काट्यावर ठेवली, ८.१ किलो.

१२ नोव्हेंबर : वजनकाटा

ट्रकच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची. अर्धी टाकी, चालक नाही: पुढे ७१०, मागे ४२०. काटा दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतो, तेवढा फरक गृहीत. चालक आणि हेल्मेट धरून १,२१० किलो, त्यातले ७५० पुढे.

हे वजन रिमच्या भारक्षमतेसाठी लागतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेमी धरला आणि वळणावर ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट आडवा जोर), तर आतल्या चाकांवरचा जवळपास ३९५ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. त्यातला साठ टक्के पुढचा अॅक्सल उचलतो असं मानलं की बाहेरच्या पुढच्या चाकावर क्षणभर ६१० किलोच्या आसपास येतात. रिमवर कोरलेला आकडा स्थिर भाराचा असतो. वळणाच्या भाराची थकवा चाचणी त्या आकड्यावर बऱ्याच पटीनं जोर लावून घेतात, म्हणजे ६१० कोरलेलंच चाक हवं असं नाही. पण लहान गाड्यांसाठी ओतलेली ४५०-४७५ किलोवाली चाकं यादीतून बाद. आपली रेघ ५६०.

आकडाच कोरलेला नसेल तर ते चाक बघायचंही नाही, भाव कितीही पडलेला असो.

१६ नोव्हेंबर : रुंदी आणि ईटीचं गणित

दुकानात "ईटी ३८ आहे, बसेल" एवढंच सांगतात. बसतं की नाही हे ईटी आणि रुंदी दोन्ही मिळून ठरवतात. ईटी म्हणजे चाकाचा हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते अंतर. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं.

नुसत्या रिमचा हिशेब असा. कंपनीच्या ६जेची अर्धी रुंदी ७६.२ मिमी. ईटी ४० म्हणजे हबच्या तोंडापासून आत ११६.२, बाहेर ३६.२. ७जेची अर्धी रुंदी ८८.९. ईटी ३८ असेल तर आत १२६.९ आणि बाहेर ५०.९, म्हणजे रिमची कड १०.७ मिमी आत आणि १४.७ बाहेर जाते. हेच ७जे ईटी ४५ घेतलं तर १७.७ आत. तिथे स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा खांब) आडवा येतो.

पण स्ट्रटला आधी रिम लागत नाही, टायर लागतो, म्हणून टायरची फुगीर रुंदी धरायला हवी. १९५/५५ची रुंदी ६जेवर साधारण २०१ मिमी. रिम अर्ध्या इंचानं रुंद झाली की टायर सुमारे ५ मिमी पसरतो, म्हणून ७जेवर २११. अर्धे १०५.५, अधिक ३८, हबपासून आत १४३.५. कंपनीच्या जोडीचा हाच आकडा १३७. म्हणजे स्ट्रटच्या दिशेनं ६.५ मिमी आणि फेंडरच्या दिशेनं १०.५ मिमी जास्त.

गाडी चाकांवर उभी ठेवून टायर आणि स्ट्रटमधलं अंतर ड्रिल बिटच्या दांड्यांनी मोजलं. १७ मिमीची दांडी जाते, १८ची अडते. ६.५ वजा जाता १०.५ उरतात. पाच-सहा मिमीच्या खाली ट्रॅकवर जायचं नाही, कारण बेअरिंगची ढील, रिमचा लवचिकपणा आणि टायरचा पसारा मिळून दोन-तीन मिमी सहज खातात.

कॅलिपरसाठी (चाकाच्या आत असलेली ब्रेकची पकड) पुठ्ठ्याचा साचा कापला. हबच्या तोंडापासून कॅलिपरचा सर्वांत पुढे आलेला भाग आणि केंद्रापासून सर्वांत लांबचा भाग, दोन्ही साच्यावर. दुकानात हा पुठ्ठा चाकात फिरवायचा. चाकाच्या आरीपासून (स्पोकपासून) कॅलिपरला किमान ३ मिमी मोकळे हवेत. बॅरलच्या (रिमच्या गोल नळीसारख्या भागाच्या) आतून चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं चार-पाच मिमी जाड असतात, ती धरूनच मोजायचं.

१७ नोव्हेंबर : टायरचं माप

१८५/६० आर१५चा व्यास ६०३ मिमी. १९५/५५चा ५९५.५, सव्वा टक्क्यानं लहान. १९५/५०चा ५७६, साडेचार टक्क्यांनी लहान. २०५/५०चा ५८६. ट्रॅकसाठी २०५/५० आर१५ उत्तम, पण आपल्याकडे मागवावा लागतो आणि एक फाटला तर जोडीदार मिळेपर्यंत महिना जातो. १९५/५५ आर१५ कुठल्याही शहरात मिळतो. कोइमतूरला शुक्रवारी संध्याकाळी टायर गेला तर शनिवारी सकाळी दुसरा मिळाला पाहिजे. विषय संपला.

२३ नोव्हेंबर : पर्याय

*कंपनीचीच चाकं.* खर्च शून्य. पहिले दोन ट्रॅक डे याच चाकांवर करावेत, हे आमचं मत बदललेलं नाही. ६जेवर १९५/५५ नीट बसतो. अडचण एकच, रस्त्याचे आणि ट्रॅकचे टायर वेगळे ठेवता येत नाहीत.

*जुनी ओईएम (गाडीच्या कंपनीची मूळ) चाकं.* पोलो चाकणला २०२२पर्यंत बनत होती, त्यामुळे पुण्यात तिची आणि व्हेंटोची १५ इंची चाकं ढिगानं आहेत. रॅपिड, फॅबिया आणि पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया यांचंही ५×१०० आणि ५७.१. लॉराचं नाही, ते ५×११२, आणि विकणारा दोन्ही "स्कोडाचं" म्हणूनच विकतो. व्हर्टस, स्लाव्हियाचंही ५×१००, नवीन गाडीवर मोठी चाकं टाकणारे १६ इंची काढून विकतात. बोअर तंतोतंत, बोल्ट कंपनीचे, हब आणि बोअरमधली फट भरणाऱ्या रिंगचा प्रश्न नाही. संच १२ ते १८ हजारात. पण १५ इंचीत रुंदी ६जेच मिळते, आणि १६ इंची घेतलं की टायरचा खर्च वाढतो.

*नवीन देशी ब्रँडची ओतीव, ७जे×१५ ईटी ३८.* एका चाकाला ६,८००. बोअर ७३.१, बैठक ६० अंशांची शंकूची. वजन ८.४ किलो, म्हणजे कंपनीच्या चाकाहून ३०० ग्रॅम जास्त, पण एक इंच रुंद. ५८० किलो कोरलेले, जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या दोन्ही जपानी दर्जाच्या खुणा, आयएसआयचा शिक्का.

*फ्लो फॉर्म.* बॅरल ओतल्यानंतर फिरवत दाबून पातळ केलेलं. ६.५ किलो. संचाचा भाव ओतीवच्या दुपटीहून जास्त.

*आयात केलेली जुनी जपानी चाकं.* १५ इंचात बहुतेक ४×१००. ५×१०० सापडलं तर सुबारूचं निघतं, बोअर ५६.१. हबवर चढतच नाही, एक मिमीसाठी लेथवर न्यावं लागतं.

जेडब्ल्यूएल ही उत्पादकानं स्वतः लावलेली खूण असते. व्हीआयए म्हणजे बाहेरच्या संस्थेकडे नोंद आहे. नकली चाकांवर दोन्ही ओतलेल्या दिसतात, म्हणून खुणेवर भिस्त ठेवायची नाही. बिल, आयएसआय क्रमांक आणि उत्पादकाचं नाव तिन्ही जुळायला हवीत.

२४ नोव्हेंबर : वजनावर पैसे घालायचे का

फ्लो फॉर्म घेतलं तर चाकामागे १.९ किलो वाचतात, चारांचे ७.६. फिरणारं वजन आहे म्हणून वेग घेताना ते जास्त जाणवतं. रिममधलं वजन परिघाकडे असल्यामुळे एक किलो साधारण दीड ते पावणेदोन किलोसारखं वागतं. सगळं धरून १३ किलोचा फायदा, १,२१० किलोच्या गाडीत एक टक्का. अर्धी टाकी कमी भरून ट्रॅकवर गेलं तरी तेवढं वजन उतरतं. खड्ड्यांवर सस्पेन्शन जरा मोकळं चालेल, हे खरं, पण ट्रॅकवर खड्डे नाहीत आणि हा संच रस्त्यावर चालणार नाही.

त्याच पैशात टायरचा अख्खा दुसरा संच येतो. ओतीव ७जे घेतलं.

३० नोव्हेंबर : बैठक

या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

फोक्सवॅगनचा बोल्ट चाकात जिथे टेकतो तो भाग गोल आहे, त्रिज्या १३ मिमी. बाजारातल्या बहुतेक चाकांत ती जागा ६० अंशांचा शंकू असते. गोल बोल्ट शंकूत घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळायचा पाना) १२० न्यूटन-मीटरला टक् करते, गाडी बाहेर पडते. पण संपर्क फक्त एका बारीक वर्तुळावर असतो. गरम-थंड होताना तिथलं अॅल्युमिनियम दबतं, ताण उतरतो आणि बोल्ट ढिला होतो. ब्रेक तापल्यावर हे लवकर घडतं.

ओळखायची पद्धत: बैठकीवर मार्करची शाई लावा, बोल्ट हातानं घट्ट करा, काढा. शाई सगळ्या पट्ट्यात पुसली गेली असेल तर जोडी बरोबर. केसाएवढी रेघ उमटली तर चुकीची.

बैठकीवर रंग किंवा पावडर कोटिंगही नको. ते दाबाखाली सरकतं, आणि जेवढं सरकतं तेवढा ताण जातो. आलेल्या चाकांत दोन बैठकींवर काळ्या रंगाचा थर होता. थिनर आणि कापडानं काढला. सँडपेपर लावायचा नाही, कोन बिघडतो.

२० बोल्ट मागवले, शंकू बैठकीचे, एम१४×१.५, २८ मिमी लांब. दर १४० रुपये.

५ डिसेंबर : रिंग

बोअर ७३.१, हब ५७.१. मधली आठ-आठ मिमीची फट भरायला रिंग. प्लॅस्टिकची दीडशेला मिळते, रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकतेही. ट्रॅकवर पुढचा हब इतका तापतो की ती मऊ होऊन बाहेर दाबली जाते. भोसरीत लेथवर अॅल्युमिनियमच्या करून घेतल्या, चारांचे १,६००. हब व्हर्नियरनं ५७.०५ आला. रिंगचं आतलं माप ५७.१० ते ५७.१५ आणि बाहेरचं ७३.०० सांगितलं. हबच्या मुळाशी गोलाई असते, म्हणून आतल्या कडेला एक मिमीचा तिरका कट घ्यायला सांगायचा. नाहीतर रिंग पूर्ण मागे जात नाही आणि चाक तिच्यावरच अधांतरी टेकतं.

रिंग भार उचलत नाही. भार बोल्टच्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर असतो. रिंग फक्त चाक मधोमध धरते. अॅल्युमिनियमची रिंग लोखंडी हबवर गंजून चिकटते, म्हणून आतून अँटी-सीझचा (धातू चिकटू न देणाऱ्या ग्रीसचा) अगदी पातळ हात. तो बोल्टच्या आट्यांवर जाऊ द्यायचा नाही. आटे ओले झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

८ डिसेंबर : बोल्ट आखूड

कोरडी जोडणी केली, पुढे साडेसहा आटेच धरतात. साडेसहा गुणिले दीड, म्हणजे दहा मिमीपेक्षा कमी. एम१४ला किमान १४ मिमी, नऊ आटे तरी हवेत. बोल्ट परत.

चूक आमच्या मोजण्यात. बोल्टची लांबी कंपनीच्या बोल्टवरून घेतली. पण कंपनीच्या चाकात बैठकीखाली ७ मिमी धातू आहे, नव्यात १२. योग्य माप असं: जुना बोल्ट जुन्या चाकात घाला आणि मागच्या बाजूनं किती बाहेर येतो ते मोजा. आमचा २० मिमी आला. नव्या चाकातही तेवढाच यायला हवा. १२ अधिक २०, म्हणजे ३२ मिमीचा बोल्ट.

"मग सरळ ४० घ्या" हा सल्ला दुकानात मिळाला. तो घेऊ नये. पोलोला मागे ड्रम ब्रेक आहेत. बोल्ट जास्त आत गेला तर टोक ड्रमच्या आतल्या भागांना लागतं. मागची चाकं बसवल्यावर हँडब्रेक सोडून हातानं दोन फेरे फिरवायचे आणि कान द्यायचा.

१४ डिसेंबर : ३२ मिमीचे बोल्ट

आले. पुढे नऊ आटे आणि थोडं वर. मागे आवाज नाही. दोन जादा घेतले, ते डिकीत.

२१ डिसेंबर : गोलाई, टायर, बॅलन्सिंग

टायर चढवण्याआधी प्रत्येक रिम बॅलन्सिंग मशिनवर फिरवून डायल गेज (डोलणं मोजायचा काटा) लावला, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांना. तीन रिम ०.३ मिमीच्या आत. चौथीचं आडवं डोलणं ०.९. नवीन चाकाला ०.५च्या वर आम्ही घेत नाही. दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिली, पण गेज नसता तर बॅलन्सिंगवाल्यानं वजनं चिकटवून विषय मिटवला असता. वजनानं डोलणं जात नाही.

जुनी चाकं घेणाऱ्यांनी हीच तपासणी आणखी कडक करावी. बेंड काढलेल्या रिमला आतल्या कडेवर हातोड्याचे किंवा रोलरचे सपाट डाग असतात आणि तिथला रंग वेगळा चमकतो. तापवून सरळ केलेलं अलॉय त्या जागी मऊ पडलेलं असतं. वेल्डिंग असेल तर ट्रॅकसाठी नाही म्हणजे नाही. नुकताच रंग दिलेलं चाक स्वस्त मिळत असेल, तर तो रंग कशावर दिलाय हा प्रश्न आधी विचारा.

व्हॉल्व्ह धातूचे, स्क्रूवाले, सहाशे रुपयांत चार. चिकट वजनांची जागा आधी थिनरनं पुसली, वजनं लावली, वरून अॅल्युमिनियमची टेप. कॅलिपरच्या उष्णतेनं गोंद सुटतो. एका चाकाला ७५ ग्रॅम मागत होतं. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घेतला, ३० ग्रॅमवर आलं.

२२ डिसेंबर : बसवणं

हबचं तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत. गंजाची एक पापडी मागे राहिली तरी चाक डोलतं आणि दोष रिमला लागतो. चाक अधांतरी असताना बोल्ट हातानं, मग एक सोडून एक असे ताऱ्यासारखे ४० न्यूटन-मीटरपर्यंत. जमिनीवर उतरवून १२०. इम्पॅक्ट गन फक्त काढायला.

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं. डावीकडे पूर्ण वळवल्यावर चाकाच्या खोबणीतल्या प्लॅस्टिक अस्तराला पुढून हलका स्पर्श. अस्तराचा स्क्रू सोडून मागे ओढून पुन्हा लावला, सुटलं. पन्नास किमी चालवून पुन्हा टॉर्क, एकूण वीसपैकी तीन बोल्ट थोडे फिरले.

खर्च: चाकं २७,२००, टायर २५,६००, बोल्ट ३,०८०, रिंग १,६००, व्हॉल्व्ह ६००, बॅलन्सिंग ६००. एकूण ५८,६८०. आखूड बोल्टचे पैसे परत मिळाले, कुरिअर गेलं.

१९ जानेवारी २०२५ : कोइमतूर

थंड हवा चारही टायरमध्ये २९ पीएसआय. पहिल्या सहा फेऱ्यांनंतर पुढे ३६, मागे ३३. पुढची ३४ला उतरवली. टायरच्या खांद्यावर बुटांच्या पांढऱ्या पॉलिशच्या तीन रेघा मारल्या होत्या. बाहेरच्या टायरवर पॉलिश खांद्याच्या खुणेपर्यंत पुसलं गेलं, खाली बाजूच्या भिंतीवर नाही. हवा बरोबर.

सुईच्या थर्मामीटरनं पुढच्या डाव्या टायरचं तापमान: आत ६९, मध्ये ७२, बाहेर ८६ अंश से. रुंद रिममुळे टायर दुमडायचा कमी झाला, पण बाहेरची कड अजून जास्त तापते. हा कॅम्बरचा (चाकाच्या उभ्या तिरपेपणाचा) विषय, चाकानं सुटणार नाही. पोलोत पुढचा कॅम्बर सहज बदलता येत नाही. कॅम्बर प्लेट की नाही, ते पुढच्या वेळी.

बोल्ट प्रत्येक सत्रानंतर, चाक हाताला सोसेल इतकं निवल्यावर तपासले. कडक तापलेल्या चाकाचे बोल्ट आवळायचे नाहीत. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे रेंच तेव्हा दाखवते तो ताण थंड झाल्यावर उरत नाही. दुसऱ्या सत्रानंतर एकही बोल्ट हलला नाही.

मागच्या उजव्या चाकाची टेप सोलली आहे, वजनं जागेवर. तिथे थिनर नीट फिरवला नव्हता.

२५ जानेवारी : पुन्हा तपासणी

चाकं धुऊन डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंगीत द्रव) मारला, फक्त आऱ्यांच्या मुळाशी, बोल्टच्या भोकांभोवती आणि आतल्या कडेला. लाल द्रव पंधरा मिनिटं, पुसून पांढरा डेव्हलपर. तीन डब्यांचा संच दीड हजाराच्या आत येतो आणि दहाएक चाकांना पुरतो. तडा असेल तर लाल रेघ उमटते. पार्टिंग लाइनवर (साच्याच्या जोडाची रेघ) जिथे ओतकामाचा खरखरीतपणा आहे तिथेही लाली येते, पण ती ठिपक्यांची असते, रेघ नसते.

चारही साफ. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेवर डायल गेज ०.४, डिसेंबरात ०.३ होतं. कर्बवर (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) चढलेलं चाक तेच. आकडा मार्करनं बॅरलच्या आत लिहून ठेवला आहे.